दहापैकी किती?

‘दहापैकी किती?’ हा प्रश्न हल्ली आमच्या घरात आमटीलाही विचारला जातो. याला कारण माझा भाचा. तो शिकायला म्हणून अकलूजला आमच्याकडे असतो. म्हणजे त्याचं कॉलेज इथे आहे आणि तो आमच्या घरी आहे. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडलेली मी अजून पाहिलेली नाही. रात्र रात्र जागून तो व्हिडिओ गेम खेळतो आणि मग मोबाईल उभा करून त्या गेमची मराठीतून समीक्षा करतो. शेवटी पडद्यावर दहापैकी गुण झळकतात. एका रात्री तो माझ्या खुर्चीपाशी येऊन बसला.

“मामा, मार्क तुम्ही द्यायचे.”

“मी? मला त्यातलं काय कळतं?”

“तुम्ही बोर्डाचे पेपर तपासल्यात. मी मार्क दिले की पोरं म्हणत्यात, ह्यानं कंपनीकडनं पैसे खाल्ले.”

“आणि मी दिल्यावर म्हणणार नाहीत?”

“तुमच्याकडं बघून कोण म्हणंल, ह्यांना कुणी पैसे दिल्यात?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. उभी हयात दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसण्यात गेली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध इतक्यांदा वाचलाय की अजूनही कुणी छत्री उघडली तर मला तिला निम्मे गुण देऊन पुढे जावंसं वाटतं. तेव्हा परीक्षक म्हणून माझी पात्रता वादातीत होती. परीक्षा कशाची, एवढाच काय तो प्रश्न होता.

पहिला गेम फुटबॉलचा निघाला. भाच्याने माझ्या हातात रिमोट दिला. त्याला रिमोट म्हणायचं नसतं, कंट्रोलर म्हणायचं असतं, हे मला दटावून सांगण्यात आलं. त्याला इतकी बटणं होती की आमच्या घरातल्या सगळ्या खोल्यांचे पंखे त्यावर चालले असते. सामना सुरू झाला. बरेच गोल झाले. सगळे माझ्यावर झाले आणि त्यातला एक मीच मारला होता. तरीही परीक्षकाने स्वतःचा पराभव मनात ठेवू नये, या तत्त्वाला जागून मी निर्णय दिला: मांडणी नेटकी, विषयांतर नाही, पंचाचं अक्षर वाचता आलं नाही, दहापैकी साडेपाच.

भाच्याचा चेहरा उतरला. “मामा, साडेपाच? कंपनी बुडंल.”

“अरे, साडेपाच म्हणजे पंचावन्न टक्के! सेकंड क्लास झाला.”

“इथं सातच्या खाली पासच नसतंय.”

मग त्याने मला या क्षेत्राची राज्यघटना समजावून सांगितली. मेटाक्रिटिक नावाचं एक संकेतस्थळ २००१ साली निघालं. जगभरचे समीक्षक एखाद्या गेमला जे गुण देतात ते गोळा करायचे, कुणाच्या मताला किती वजन हे आपल्या पोटात ठेवायचं आणि शंभरपैकी एक आकडा काढायचा, हे त्याचं काम. आकडा चांगला असला तर हिरवा, मधला असला तर पिवळा, वाईट असला तर लाल. इथवर मला पटलं. पण पुढे कळलं की सिनेमाला ६१ पडले तरी हिरवा रंग मिळतो, आणि गेमला मात्र हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे ६५ गुणांचा सिनेमा हिरवा आणि ६५ गुणांचा गेम पिवळा.

“हा सरळसरळ अन्याय आहे,” मी म्हणालो.

“अन्याय कसला? गेमवाले मार्कच एवढं सढळ हातानं वाटत्यात, की पासिंग वर न्यावं लागतंय.”

हे ऐकून मला एकदम आपल्या खात्यात आल्यासारखं वाटलं. २०२५ च्या दहावीला महाराष्ट्रात २११ मुलांना शंभर टक्के गुण पडले. त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या लातूर विभागातली. (आम्ही पुणे विभागात मोडतो. आम्ही लातूरकडे बघतो आणि गप्प बसतो.) सर्वांत चांगले पाच विषय धरायचे, वर खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण टाकायचे, की भांडं भरून वाहतं. आमच्या वेळी साठ टक्केवाला मुलगा गावातून सायकलवरून फिरवला जायचा. आता ब्याण्णव टक्केवाल्याच्या घरी लोक हलक्या आवाजात चौकशीला येतात आणि चहा न घेता उठतात. गेमच्या दुनियेतही आठ मिळालेल्याच्या घरी असंच वातावरण असतं म्हणे.

एका बाबतीत मात्र आमचं बोर्ड या मंडळींपेक्षा फार वरचं आहे. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ नावाचा एक गेम २०१० साली आला. तो बनवला ऑब्सिडियन नावाच्या कंपनीने, बेथेस्डा या दुसऱ्या कंपनीसाठी. बोली अशी होती की मेटाक्रिटिकवर ८५ पडले तर बनवणाऱ्यांना बक्षिसी मिळेल. पडले ८४. बक्षिसी गेली. बनवणाऱ्यांपैकीच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. ऐकून माझ्या पोटात कालवलं. एका गुणाने? आणि कुणीच काही केलं नाही? आमच्याकडे पोरगं ३४ वर अडलं की मॉडरेटर चष्मा पुसतो, पेपर पहिल्यापासून उलगडतो, समासात काढलेल्या ‘श्री’ला अर्धा गुण देतो आणि उरलेला अर्धा गाळलेल्या जागांत शोधून काढतो. चौतीस हा आकडा आम्ही सहसा जन्माला येऊच देत नाही. अमेरिकेकडे एवढं तंत्रज्ञान आहे, पण ग्रेस मार्क नाहीत. मग प्रगती कशी होणार?

तसं पाहिलं तर अकलूजला परीक्षक बाहेरून आणावा लागत नाही. नीरा नदीच्या काठी या गावाने दोन मोठ्या परीक्षा वर्षानुवर्षं पाहिल्यात. एक, सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ नव्वदच्या दशकात सुरू झालेली राज्यस्तरीय लावणी स्पर्धा. दुसरी, दिवाळीच्या सुमाराला भरणारा घोडेबाजार. लावणीला परीक्षक खुर्चीवर बसलेले असतात, पण खरे गुण मागे तंबूच्या दोरीला टेकून उभे राहिलेले लोक देतात. “पायात हाय, पण डोळ्यात नाय,” असं एक वाक्य मागून येतं आणि अदा या सदराखालचे गुण तिथल्या तिथे निकालात निघतात.

घोड्याची परीक्षा तर आणखी कडक. दात बघून वय काढायचं. चाल बघायची. भोवरे कुठे आहेत ते बोटाने चाचपायचं: गळ्याशी देवमण असला तर मालकाची मान ताठ, आणि भलत्या जागी भोवरा निघाला तर घोडा कितीही देखणा असला तरी माणसं पुढे सरकतात. चारी पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी. एवढी सगळी तपासणी झाल्यावर आकडा ठरायचा तो जनावरांच्या बाजाराच्या जुन्या रीतीने रुमालाखाली, बोटांनी. बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसतो. भाच्याला मी म्हणालो, “बघ, आकडा झाकायची वस्तू आहे हे आपल्या बाजाराला केव्हाच कळलं होतं. तुमचे समीक्षक रुमाल न घेता बाजारात उतरलेत.”

“रुमालाखालचं व्हिडिओत कसं दाखवायचं?” असा त्याने व्यावहारिक प्रश्न विचारला.

जपानी लोकांनी आपल्या लावणीसारखी सोय केली आहे. तिथल्या फामित्सू या १९८६ पासूनच्या नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम १९९८ साली निघाला, झेल्डा मालिकेतला ‘ओकारिना ऑफ टाइम’. बारा वर्षं त्यांनी कुणालाही पैकीच्या पैकी दिले नाहीत! हे वाचून मी त्या चौघांना मनातून नमस्कार केला. असे परीक्षक मराठी विषयाला मिळाले असते तर मराठीत आजही कुणी पास झालं नसतं.

पण माझी खरी पंचाईत झाली ती गेमच्या जातींनी. लावणीचे परीक्षक घोडेबाजारात बसवत नाहीत, आणि घोड्याला अदेचे गुण द्यायचे नसतात (नाचरा घोडा वगळून). गेममध्ये मात्र एकच दहाची पट्टी घेऊन सगळीकडे फिरायचं. बंदुकीचा गेम, कोड्याचा गेम, गाड्या पळवायचा गेम, भुताचा गेम, सगळ्यांना दहापैकी. मी भुताच्या गेमला तीन दिले, कारण मला भीती वाटली. भाचा म्हणाला, “मामा, भीती वाटली म्हंजे नऊ द्यायला पायजे.” कोड्याच्या गेमला मी नऊ दिले, कारण मला झोप लागली आणि बऱ्याच दिवसांनी चांगली लागली. भाच्याने तेही खोडलं.

नामांकित समीक्षकांचीही अशी गफलत होते, हा त्यातल्या त्यात दिलासा. इंग्लंडातलं ‘एज’ नावाचं मासिक या धंद्यात मोठं मानाचं. १९९४ मध्ये त्यांच्याकडे ‘डूम’ आला. या गेममध्ये राक्षस दिसला की गोळी घालायची, एवढाच विषय. साऱ्या जगाने त्यापुढे लोटांगण घातलं आणि त्याच्या नकला काढत बसलं. एजने दहापैकी सात दिले आणि वर या राक्षसांशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, अशा अर्थाची हळहळ व्यक्त केली. गेली तीस वर्षं जग त्या समीक्षकाला हसतंय. मी हसलो नाही. आमच्या माळशिरस तालुक्यात अनोळखी माणूस दिसला तर आधी गाव विचारायची पद्धत आहे. “कुठलं म्हणायचं पाव्हणं? नातेपुत्याकडचं का?” राक्षस झाला म्हणून काय झालं, कुणाच्या तरी ओळखीतला निघायचा, आणि मग बंदूक पाठीमागे लपवून चहा सांगायची वेळ यायची.

दुसरा किस्सा ऐकून मात्र आमच्या पारावरच्या मंडळींचा तोल गेला. २०१४ मध्ये आयजीएन या अमेरिकी संकेतस्थळाने पोकेमॉनच्या एका जोडगेमला दहापैकी ७.८ दिले आणि उण्या बाजूंत एक बाजू लिहिली, ती म्हणजे पाणी फार. त्या गेममधल्या प्रदेशात समुद्र जास्त आहे, सारखं पोहत जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. जगभर यावर विनोद झाले. अकलूजमध्ये विनोद झाला नाही, संताप झाला. एक आजोबा काठी टेकून उठले.

“पाणी जास्त म्हणून मार्क कापलं?”

“होय आजोबा.”

“ह्यो साहेब कधी कालव्याच्या टेलला ऱ्हायलाय का?”

“अमेरिकेत राहतो.”

“मग बोलू नगं म्हणावं. आमच्यात आवर्तन सुटलं की हेडचा माणूस रातभर पाणी वडतोय आन् टेलला नुसता ओलावा येतोय. पाणी जास्त! आन् ते पॉइंट आठ कशाचं?”

ते पॉइंट आठ कशाचं, हे मलाही कधी कळलेलं नाही. सातला चांगला आणि आठला उत्तम म्हणायचं, तर या दोघांच्या मध्ये, आठच्या दोन दशांश अलीकडे कोणता गुण असतो? निबंध तपासताना मीही पाव गुण दिलेले आहेत, नाही असं नाही. पण तो पाव गुण विद्यार्थ्याचा नसतो. तो परीक्षकाला चहा आल्यावरचा असतो.

गेमच्या गुणांकनाची एक बिनचूक पद्धत मी पूर्वी अकलूजमध्येच पाहिली होती. एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला एक पार्लर होतं. पार्लर म्हणजे पत्र्याची खोली, आत लाकडी कपाटाएवढाली यंत्रं, आणि शाळेत असायला हवी होती ती सगळी मुलं. सर्वांचा लाडका गेम ‘मुस्तफा’. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या नावाने काढला. पण आपल्याकडच्या गावोगावच्या पोरांनी पिवळ्या टोपीतल्या एका गड्याच्या नावाने त्याचं परस्पर बारसं करून टाकलं. मुख्याध्यापकांनी मला पोरं पकडायला पाठवलं होतं. मी आत शिरलो तर पुढून नववीचा, मागून दहावीचा. पळायला वाट नाही. एक बिलंदर पोरगा शांतपणे म्हणाला, “सर, एक कॉइन टाका की.” आता मी तिथे नेमका कुठल्या मनःस्थितीत होतो हे सांगता येत नाही, पण कॉइन पडलं. अर्ध्या मिनिटात माझा मुस्तफा आडवा झाला. मागे उभ्या राहिलेल्या माझ्याच विद्यार्थ्यांनी माझी समीक्षा केली. ती इथे छापण्याजोगी नाही, पण व्याकरणदृष्ट्या शुद्ध होती.

तिथे दहापैकी काही नव्हतं. एका रुपयात किती वेळ उभं राहता येतं, एवढीच मोजपट्टी. ज्या यंत्राभोवती गर्दी ते चांगलं, आणि ज्यावर मालकाचा डबा ठेवलेला तो गेम पडेल. पुढे पार्लर गेलं, सायबर कॅफे आले. तिथे मुलं प्रोजेक्टच्या नावाखाली ‘व्हाइस सिटी’त गाड्या पळवायची आणि पालक बाहेर स्कूटर सुरू ठेवून “झाला का रे प्रोजेक्ट?” म्हणून हाका मारायचे. आणि ईए कंपनीचा ‘क्रिकेट ०७’! २००६ च्या शेवटी आलेल्या या गेमला समीक्षकांनी काही डोक्यावर घेतलं नव्हतं. आपल्या पोरांनी मात्र तो अजून खाली ठेवलेला नाही. गेम निघाला तेव्हा आयपीएल जन्मालाही आली नव्हती, पण पोरांनी घरगुती दुरुस्त्या करून त्यात आयपीएलचे संघ घातले, गणवेश बदलले, नवे खेळाडू भरले. जगातल्या सगळ्या समीक्षकांचे कागद रद्दीत गेले आणि भाच्याच्या लॅपटॉपवर तो गेम अजून नाबाद आहे.

या पंडितांचं हे असं, तर सामान्य जनतेचं काय? जनतेला मोबाईलमध्ये पाच तारे दिलेले आहेत, आणि हाती तारा आलेल्या माणसाला आवरणं कठीण. कुणी पाच तारे देऊन खाली लिहितो की गेम अजून डाउनलोड झालेला नाही, पण चांगला असावा. कुणी एक तारा देतो, कारण त्याच्या फोनची बॅटरी उतरली. २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ घरोघर पोचला आणि मग लुडोच्या गेमचं पीकच आलं. त्या पिकातला एक कुठलासा गेम आमच्या सौभाग्यवती रोज दुपारी नणंदेशी, म्हणजे माझ्या बहिणीशी, म्हणजे भाच्याच्या आईशी खेळतात.

“अहो, याला एक तारा कुठे द्यायचा?”

“का? काय झालं?”

“फासे पक्षपाती आहेत. वन्संना सारखे सहा पडतात.”

“अगं, ते यंत्र आहे.”

“यंत्र असो नाहीतर काही असो. तुमच्या माहेरच्यांची बाजू सगळेच घेतात.”

माझं माहेर कुठलं, हे मी विचारलं नाही. तारा दिला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना ओळीने तीन वेळा सहा पडले, आणि वाया गेले, तेव्हा असलेला ताराही परत काढून घेता येतो का, याची चौकशी झाली.

काही जण तर गेम न खेळताच मोकळे होतात. १९ जून २०२० ला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला. समीक्षकांनी शंभरपैकी नव्वदीच्या पुढे नेऊन ठेवला. तो खेळून संपवायला वीस-पंचवीस तास तरी लागतात. पण बाजारात आल्या दिवशीच जनतेने शून्याचा पाऊस पाडला. कथेत काय घडतं ते बाहेर फुटलं होतं आणि ते लोकांना आवडलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर ३६ तास जनतेने मत देऊ नये. हा नियम आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला लावला पाहिजे. अक्षता पडायच्या आधीच मांडवाच्या कोपऱ्यात जिलबीला नावं ठेवून झालेली असतात.

आणि स्टीम नावाच्या दुकानावर याच्या उलट. तिथे अंगठा वर किंवा खाली, एवढंच. पण शेजारी त्या माणसाने तो गेम किती तास खेळला हे छापतात. दोन-दोन हजार तास खेळून, शेवटी अंगठा खाली करून, ‘वेळ घालवू नका’ असं लिहिणारे सज्जन तिथे भेटतात. मी असाच एका शैक्षणिक संस्थेत नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे या लोकांविषयी मी काही बोलणार नाही.

मध्यंतरी भाच्याने मोठ्या अभिमानाने ‘राजी’ आणला. “मामा, आपल्या पुण्यात बनलाय! नॉडिंग हेड्स म्हणून कंपनी हाय.” ‘आपल्या’ आणि ‘पुण्यात’ हे दोन शब्द सोलापूर जिल्ह्यात शेजारी बसत नाहीत. पुण्याचं म्हटलं की आमच्याकडे दोन गुण आधीच कमी होतात. उरलेले उजनी धरणाच्या पाण्याचा विषय निघाल्यावर जातात. तरी मी खेळायला बसलो. २०२० सालचा गेम. गोलू नावाच्या लहान भावाला असुर पळवून नेतात आणि बहीण राजी त्याला शोधत निघते, अशी कथा. द गेम अवॉर्ड्स या मोठ्या सोहळ्यात त्या वर्षी पदार्पणाच्या गेममध्ये त्याला नामांकन होतं. जगातल्या समीक्षकांनी चित्रांचं आणि संगीताचं कौतुक केलं आणि लढाई जरा ढिली आहे, गेम लवकर संपतो, अशी कुरकूर केली. मला आवडलं ते निराळंच. ती पोरगी बिचारी एकटी उड्या मारते, असुर मारते, भिंती चढते, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्या कामगिरीवर सारखे बोलत असतात. परीक्षकांची जागा किती उंचावर असते आणि तिथून खाली उतरायची त्यांना कशी गरज पडत नाही, हे इतक्या नेमकेपणाने मी कुठे पाहिलं नव्हतं. मी आठ दिले. सौ. मागून बघत होत्या.

“बहीण भावासाठी एवढं करते,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या ताई तुमची एक सोंगटी घरात जाऊ देत नाहीत.”

सगळ्यांत अटीतटीची परीक्षा झाली ती शेतीच्या गेमची. शेतीचासुद्धा गेम असतो यावर माझा विश्वास नव्हता. पण स्वित्झर्लंडची जायंट्स सॉफ्टवेअर नावाची कंपनी २००८ पासून ‘फार्मिंग सिम्युलेटर’ काढते आणि जगभरची शहरी माणसं दिवसभर कचेरीत काम करून रात्री पैसे देऊन नांगरट करतात. २०१७ पासून त्यात ऊसही आला. भाचा म्हणाला, “मामा, उसाच्या गेमला मार्क तुम्ही देऊन भागायचं नाय. अकलूज हाय. लोक घरावर येतील.” म्हणून आम्ही शेजारच्या बागायतदार काकांना परीक्षक म्हणून बोलावलं. ते हातपाय धुऊन, टोपी नीट करून, लॅपटॉपसमोर बसले.

सुरुवात चांगली झाली. काकांनी रान बघितलं, ट्रॅक्टर बघितला. ऊस लावताना यंत्रात बेणं म्हणून ऊसच घालावा लागतो, हे पाहून त्यांनी मान डोलावली. तोडल्यावर तोच ऊस पुन्हा फुटून आला तेव्हा तर ते खुर्चीत पुढे सरकले. “गुरुजी, खोडवा! स्वित्झर्लंडच्या माणसाला खोडवा ठाव हाय!” भाच्याने घाईने वहीत एक गुण लिहिला.

मग काकांनी विचारलं, “पाणी कवा द्यायचं?”

“द्यावं लागत नाय काका. ह्यात तसलं काय नसतंय.”

“पाणी न देता ऊस?” काका माझ्याकडे वळले. “लाईट रात्रीची का दिवसाची, ते पण नाय?”

“नाय.”

“डीपी जळतोय का?”

“नाय.”

“मग माणूस रातभर करतोय काय?”

याचं उत्तर भाच्याकडे नव्हतं. काकांनी शेजारचं रान विकत घ्यायचं ठरवलं. भाच्याने एक बटण दाबलं आणि रान काकांचं झालं. काका कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. सातबारा नाही, तलाठी नाही, बहिणींच्या सह्या नाहीत, बांधावरून भांडण नाही. “ह्येला जमीन म्हणत न्हाईत,” ते शेवटी म्हणाले. दोन गुण कापले गेले. गड्याला कामाला लावलं तर तो एका झाडाला अडकून ट्रॅक्टर चालू ठेवून उभा राहिला. त्यावर मात्र काका खूश झाले आणि कापलेल्यातला एक गुण त्यांनी परत दिला. पण गडी उचल मागत नाही, मुकादम पळून जात नाही, टोळी दिवाळीनंतरचा वायदा करून संक्रांतीला येत नाही, तोडणी झाल्यावर म्हशीला वाडं मिळत नाही, म्हणून पुन्हा गळती लागली. आडसाली ऊस म्हटलं की रानात दीड वर्ष जातं. इथे जेवून येईपर्यंत तोडायला आला.

शेवटी काकांनी ट्रॉली भरली, विक्रीच्या ठिकाणी नेली आणि ओतली. ओतत असतानाच कोपऱ्यातला पैशांचा आकडा वाढायला लागला.

“ह्ये काय?”

“बिल जमा झालं, काका.”

“कुठं?”

“तुमच्या खात्यात.”

“आत्ताच?”

ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर पंधरा टक्के व्याज, असं त्यात लिहिलंय आणि काकांना ते तोंडपाठ आहे. (काकांचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो ते विचारू नका. तालुक्याबाहेर जातो एवढंच सांगतो.) चौदा दिवस हे त्यांना आजवर ललित वाङ्मय वाटत आलेलं. इथे चौदा सेकंदही लागले नव्हते. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि निकाल दिला: दहापैकी दोन. शेरा: भंपक, खोटा, पोरांची दिशाभूल करणारा.

आम्ही तसं ध्वनिमुद्रण केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात काका.

“गुरुजी, लॅपटॉप रिकामा हाय का?”

“अहो, तुम्ही तर दोन दिले होते!”

“मार्काचं वायलं. चार गाड्या घालतो आन् जातो.”

तेव्हापासून ते रोज येतात. गाड्या घालतात, आकडा वाढताना बघतात, सौ.च्या हातचा चहा घेतात आणि जातात. भाच्याची मात्र अडचण झाली. काकांचे दोन आणि गेमला मी आपले सहा दिलेले. पडद्यावर झळकवायला आकडा एकच पाहिजे. काल रात्री तो भीत भीत काकांपाशी गेला.

“काका, सरासरी काढू का? चार येतीया.”

काकांनी ट्रॉली जागच्या जागी थांबवली.

“सरासरी? मागच्या हंगामाची का चालू हंगामाची?”

“अं?”

“आन् तोडणी-वाहतूक कापून का न कापता?”